ताणावर ठेवलेली फीत

दवाखान्यातल्या मुलीने माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्याच वेळी मागच्या खिडकीतून संत्र्याच्या फुलांचा वास आत आला. नागपूरच्या रामदासपेठेत आता संत्र्याचं झाड असेल असं कोणाच्या मनातही येणार नाही, पण या दवाखान्याच्या मागे, जनरेटरच्या खोलीला टेकून, एक आहे. कोणी लावलं ठाऊक नाही. माघ लागला की फुलतं. मला ते दोन वास एकत्र सोसत नाहीत. मुलगी म्हणाली, "आजोबा, मूठ सोडा आता." मूठ सुटेना. सुई दुखली का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं.

समोरच्याच्या मनात जे कारण आधीच आलेलं असतं त्याला हो म्हणून मोकळं व्हायचं, ही माझी फार जुनी खोड. तिच्यापायी एका माणसाचं मी जे केलं ते आज लिहायला बसलो आहे. ऐंशी उलटली. आता कोणाची वाट पाहायची?

घरी येऊन जेवलो, पण बसवेना. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. सुनेने विचारलं, बाबा, काही हरवलंय का. त्यातच वाडीहून सुमनचा, माझ्या भाचीचा, फोन आला. अमरावती रोडवर वाडीत एका गोदामाच्या भिंतीमागे तिची चाळीस-पंचेचाळीस संत्र्याची झाडं अजून उभी आहेत. बाकीचा बगीचा त्याच गोदामांखाली गेला. या वर्षी तिचा बहार फसला. पाणी सोडायला उशीर झाला, पानं गळाली, फूल तुरळक आलं. एवढं सांगून ती हसत म्हणाली, "काय सांगू मामा, औंदा अनसूयेचा सिनेमा झाला."

आमच्या घराण्यात ही म्हण आहे. पोळी करपली, पोरगं नापास झालं, ठरत आलेलं लग्न मोडलं, की कोणीतरी म्हणतंच, झाला अनसूयेचा सिनेमा. नव्या सुना वर्षभरात ती उचलतात. अनसूया कोण हे निम्म्यांना माहीत नाही. सुमनला माहीत आहे, कारण अनसूया तिची आई. पण बोलून बोलून तिलाही त्या शब्दांत आईचं नाव ऐकू येईनासं झालं आहे.

अनसूया माझी थोरली बहीण. मी तिला बाई म्हणायचो. तिने एक सिनेमा केला होता हे खरं आहे. तो पडद्यावर पांढरा निघाला हेही खरं. तो पांढरा कसा झाला ते मात्र आजवर कोणी सांगितलेलं नाही, कारण ते फक्त मला ठाऊक आहे.

ज्यांनी संत्र्याचा आंबिया बहार पाहिलेला नाही त्यांना आधी ताण म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आंब्याच्या मोहोराच्या सुमाराला हा फुलोरा येतो म्हणून त्याला आंबिया म्हणतात. पण तो आपला आपण नीट येत नाही. मार्गशीर्षात झाडांचं पाणी बंद करतात. आळी उकरून मुळ्या उघड्या पाडतात आणि उन्हावाऱ्यात तशाच ठेवतात. विहीर भरलेली असते, मोट जागेवर असते, बैल रिकामे असतात, आणि झाडाला थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, मग कडेने वळतात, मग पिवळी पडायला लागतात. हे झाड आता जातं, असं वाटायला लागतं. तिथेच कुठेतरी तो दिवस असतो. त्या दिवशी ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं, की थोड्याच दिवसांत फांद्या पांढऱ्या होतात. घाई केली तर नुसती पालवी फुटते. उशीर केला तर फांदी वाळते.

तो दिवस वाडीत बाईइतका नेमका कोणाला कळत नसे. बगीचा तिच्या यजमानांचा, नामदेवरावांचा, म्हणजे आमच्या भाटव्यांचा; त्यांच्या वडिलांनी लावलेला. पण पौषात भाटवे आपल्याच बगीच्यात बायकोच्या मागेमागे फिरत. बाई एक पान तोडायची, मुठीत दाबायची, कानाशी नेऊन ऐकायची. शेजारचे बगीचेवालेही तिला बोलावून नेत. कोणा म्हाताऱ्याने तिला पंचांगातला दिवस सांगितला तेव्हा ती म्हणाली होती, "ताण कवा तोडाचा हे पान सांगते, बाबाजी. पंचांगाले कुठं तहान लागते?"

ज्या वाडीबद्दल मी लिहितो आहे ती आता डोळ्यांसमोर आणणंही कठीण. तेव्हा अमरावतीच्या सडकेवरून दमणीत बसून गेलं की माघात वाडी दिसण्याआधी तिचा वास येई. बैलही मान वर करत. आता तिथे ट्रक इतके लागतात की रस्ता ओलांडायला पाव तास उभं राहावं लागतं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं आणि सीताबर्डीवरच्या एका थिएटरात मी ऑपरेटर होतो. मशीन चालवायचं, तुटलेली फीत जोडायची, रीळ पुसून डब्यात ठेवायचं. पुसण्याबद्दल मला फार अभिमान होता. माझ्या हातून गेलेल्या रिळावर पडद्यावर एक ठिपका दिसत नाही, असं मालक पाहुण्यांना सांगायचे. बोलपट येऊन थोडी वर्षं झाली होती आणि मुक्या चित्रपटांची रिळं माळ्यावर बेवारस पडली होती. मधूनमधून कंगवे-बांगड्या करणारे येत आणि ती घेऊन जात. सोड्याच्या गरम पाण्यात फीत टाकली की वरचा थर चित्रांसकट सुटतो आणि खाली स्वच्छ कचकडा उरतो. त्यांना तो हवा असे. अशा किती नायिका नागपुरातल्या बायकांच्या मनगटांवर बांगड्या होऊन गेल्या असतील, कोण जाणे.

वाडीला जाताना मी सुमनसाठी फितीचे तुकडे न्यायचो. ती तेव्हा सहा वर्षांची. तिने दोन दिवस डोळ्यांना लावले आणि टाकून दिले. बाईने ते उचलले. पुढच्या खेपेला गेलो तर ती विहिरीजवळ उभी, एक तुकडा उन्हात धरलेला. तिला नवल वाटलं होतं ते असं की तोच माणूस इतक्यांदा काढला आहे आणि दर वेळी जरासा वेगळा आहे. तिने मला विचारलं, "पापणी लवते तवर किती चित्रं जाते गा, बापू?" मी सांगितलं, पाच-सात.  मग भाकरी थापताना तिचे ओठ हलत होते, ती मोजत होती.

मग तिने गोधडीची सुई घेतली आणि फितीवरचा माणूस खरवडून काढला. त्या थराला ती साय म्हणायची. साय निघालेल्या जागी उजेड यायचा. सुईने बारीक रेघ यायची, बाभळीच्या काट्याने जाड. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की रेघ दर चित्रात तसूभर सरकवली तर ती चालायला लागेल. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज मशीन चालवणारा, मलाही ते असं उमगलेलं नव्हतं. तिने जन्मात दोन सिनेमे पाहिले होते.

मालकांना विचारून मी माळ्यावरचं एक अर्धं रीळ तिला नेऊन दिलं. तो मार्गशीर्ष होता. त्याच दिवशी गड्यांनी आळी उकरली होती. बाईने एकीकडे झाडांचं पाणी तोडलं आणि दुसरीकडे ही फीत हाती घेतली, आणि दोन्हींचं एकच काम असल्यासारखी ती माघापर्यंत वागली.

तिचं सामान मला अजून दिसतं. आंब्याखाली खाट, खाटेच्या दोन खुरांना बांधून आडवी ताणलेली फीत, बाजूला वाटीत हळद, कात, मागच्या फाल्गुनात वाळवलेली पळसाची फुलं, कोष्टीपुऱ्यातून आणवलेल्या रंगाचा गाळ. काही फीत तिने उघड्या मुळ्यांजवळ मातीत पुरून ठेवली होती. माती सायीत उतरायची आणि तिथे डाग पडायचे, वाळल्या पानावर पडतात तसे. पण तिची खरी करामत वेगळी होती. फीत उन्हात तापलेल्या घमेल्यात ठेवायची आणि एकदम विहिरीच्या गार पाण्यात सोडायची. साय तडकायची आणि तिच्यावर जाळी उठायची, हुबेहूब पानाच्या शिरा. घमेल्यात जरा जास्त वेळ राहिली तर अख्खी साय घसरून पाण्यात जायची. तसं झालं की बाई म्हणायची, ताण जास्त झाला, आणि तो तुकडा बाजूला टाकून दुसरा घ्यायची. कितीतरी तुकडे तिने असे घालवले. शेवटी शेवटी एकही जाईना. तिला तो क्षण कळायला लागला होता, झाडाचा कळायचा तसाच.

भाटव्यांना गंमत वाटायची. बगीच्यात कोणी आलं की ते म्हणत, "माही बायको फिल्लम पेरून राहिली गा. औंदा संत्र्याच्या झाडाले टाकीज लागन."

बाई सुई न थांबवता म्हणायची, "लागलं त तिकीट काढूनच या मंग."

ताणाचे दिवस मुळात वाईट असतात. सगळं थांबलेलं असतं आणि कोणाला स्वस्थ बसवत नाही. पौषाचा कोरडा वारा, पायाखाली भेगाळलेली जमीन, पिवळी पडत चाललेली झाडं. माणसं उगीच विहिरीपर्यंत जाऊन पाणी पाहून येतात. उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत मी खाटेच्या कडेला बसायचो, आणि बाई हातातली भाकर तशीच ठेवून उठायची, फीत वाळली का पाहून यायची, परत बसायची, परत उठायची. एकदा मी विचारलं, "काहून करून राहिली वं बाई हे?"  तिने सुई फितीतून काढून पदराला खोचली.

"झाड दोन महिने काय सोसते ते कोणाले दिसत नाही," ती म्हणाली. "सारे फुलं पाहाले येते. मले ते मधातलं दाखवाचं हाय."

मी शेंगा खात राहिलो. हे वाक्य मी त्या वेळी फारसं ऐकलंही नव्हतं. आता कित्येकदा पहाटे उठल्यावर पहिलं तेच आठवतं.

त्याच बैठकीत तिने विचारलं की हे मशीनमधून जाईल का. भाटवे होते, शेजारचे दोघं होते. खरं उत्तर मला माहीत होतं. फितीवर मातीचा कणही चालत नाही. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि सीताबर्डीवरचा ऑपरेटर म्हणून वाडीत मला थोडा मान होता. मी म्हटलं, आमचं मशीन वाट्टेल ते ओढतं, बाई.

ताण तुटला. मोट चालली, पाट भरले, आणि माघात झाडं अशी फुलली की भाटव्यांनी थट्टा सोडून दिली. बाईने फितीचा शेवटचा भाग मोकळाच ठेवला होता. त्यावर तिने डिंकाने खऱ्या पाकळ्या चिकटवल्या, दोन हात लांबीपर्यंत, एकेक चित्रात एकेक, आणि रीळ हळदीच्या कपड्यात गुंडाळून माझ्या हाती दिलं. बुधवारी दुपारच्या खेळाआधी मालकांनी मशीन चालवायची परवानगी दिली होती.

बुधवारी सकाळी मी थिएटरच्या मागच्या खोलीत एकटा होतो. मी ते रीळ दोन चाकांवर चढवलं आणि हाताने हळूहळू फिरवत, मागे दिवा ठेवून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. ते पूर्ण झालेलं पाहणारा मी एकटा. बाईनेही ते असं सलग पाहिलं नव्हतं. तिने हात-हात तुकडा केला आणि गुंडाळत गेली. म्हणून इथे लिहून ठेवतो.

सुरुवातीला काळ्यावर एकच हिरवी रेघ होती, आणि ती थरथरत होती. मग तिला फाटे फुटले. हिरवं हळूहळू उतरत गेलं, पळसाचा आणि हळदीचा रंग चढत गेला, इतका सावकाश की कुठे बदलला ते बोट ठेवून दाखवता येऊ नये. मातीचे डाग आले, आधी कडेला, मग मध्ये. मुळ्या आल्या, काताच्या रंगाच्या, खालून वर चढणाऱ्या. मधूनच जुन्या चित्रपटातला एखादा चेहरा तिने राखला होता, अर्धा खरवडलेला, जाळीच्या मागून पाहणारा. नंतर बराच वेळ नुसती तडकलेली जाळी, केशरी, दर चित्रात थोडी अधिक फाटत जाणारी. तिथे माझा हात थांबला.  मग एक चित्र निळं, विहिरीच्या पाण्याचं. एकच. आणि पुढे पाकळ्या.

एवढं पाहून झाल्यावर मला भीती वाटली. पाकळ्या मशीनच्या खिडकीत अडकणार, फीत दिव्यासमोर थांबणार, आणि थांबलेली फीत भडकायला एक क्षण लागतो. कॅबिन पेटल्याच्या गोष्टी ऐकतच आम्ही हे काम शिकलो होतो. ती भीती खोटी नव्हती. बाईला सांगता आलं असतं की हे मशीनमधून जाणार नाही, मी गप्पा मारल्या, हे दिव्यासमोर हाताने फिरवून दाखवू. माणसं एकेक करून पाहतील. तेवढंच सांगायचं होतं.

मी पाकळ्या सुरीने काढल्या. त्यांचा ढीग टेबलावर झाला आणि खोलीत वास भरला. मग माती पुसण्यासाठी स्पिरिटचा बोळा घेतला. पहिल्या पुसण्यालाच कापूस केशरी झाला.

मी थांबलो नाही. का थांबलो नाही, हे मी स्वतःला पन्नासहून जास्त वर्षं विचारतो आहे. पुसलेला भाग आणि न पुसलेला भाग वेगळा दिसेल, असं वाटलं. सगळं सारखं करावं, असं वाटलं. हात सवयीने चालत होते. त्या हातांना रेघ म्हणजे ओरखडा आणि डाग म्हणजे घाण एवढंच ठाऊक होतं. आणि आणखी एक, जे मी कधी शब्दांत मांडलेलं नाही. जाळीच्या जागी माझा हात थांबला होता ना, तिथे मला बाईचा हेवा वाटला होता. चौथी शिकलेली माझी बहीण, आणि रोज फीत हाताळणारा मी. त्या हेव्याचा त्या पुसण्यात वाटा किती होता हे मला आजही सांगता येत नाही. नव्हताच, असं म्हणवत नाही.

भेगांतली माती स्पिरिटला दाद देईना. मी सोड्याचं कोमट पाणी केलं. कंगवेवाले करतात ते पाहिलेलंच होतं, आणि थोडंच घेतोय, असं मनाशी म्हणत होतो. पण ती साय आधीच तडकलेली. दुधावरून निघावी तशी ती एका बाजूने सुटली आणि पाण्यात गेली, मुळ्या, चेहरे, ते एक निळं चित्र, सगळं. घमेल्यात गढूळ पाणी राहिलं आणि माझ्या हातात कोरी फीत. रिळात पुन्हा एक ठिपका नव्हता.

बाई दमणीतून आली. चांगलं लुगडं नेसली होती, केसांत संत्र्याची फुलं. भाटवे होते, सुमन होती, मालक दारात उभे. रिकाम्या थिएटरात ती तिघं मधल्या रांगेत बसली, आणि मी वरून मशीन सुरू केलं. पडदा पांढरा झाला. जिथे सुई खोल गेली होती तिथल्या चार-दोन रेघा इकडून तिकडे धावल्या. तीन-चार मिनिटं तेवढंच, मशीनचा आवाज आणि पांढरा उजेड. खालून भाटव्यांचं हसू आलं, मग मालकांचं. बाईचं डोकं हललं नाही. रीळ संपेपर्यंत ती पडद्याकडेच पाहत होती.

मी खाली आलो तेव्हा ती जिन्याशी उभी होती. चिडलेली नव्हती. एखादं गणित पुन्हा करून पाहावं तसा चेहरा.

"ताण जास्त झाला काय गा, बापू?"

ती स्वतःच कारण घेऊन आली होती. मला फक्त ते उचलायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "जास्तच झाला, बाई."

तिने मान हलवली. केसांतलं फूल काढून सुमनच्या हातात दिलं, आणि दमणीत जाऊन बसली.

वाडी येईपर्यंत भाटव्यांनी म्हण तयार केली होती. वाईट माणूस नव्हता तो. बायकोला हसवायला पाहत असेल. पुढच्या महिन्यात मी तिच्यासाठी फितीचे तुकडे नेले, तेव्हा तिने ते घेतले आणि झाडांना बांधले. वाऱ्याने ते फडफडत आणि पोपट फळांना चोच लावायला येत नसत. कोणी विचारलं तर ती म्हणायची, कामात आली बिचारी. तिने पुन्हा सुई लावली नाही. मीही पुढे मशीनच सोडलं, रेल्वेत लागलो.

ती गोष्ट मीही सांगितली आहे. लग्नांत, बारशांत, पंक्तीत बसून. "मी स्वतः मशीनवर होतो," असं सुरू करायचो आणि लोक आधीच हसायला लागायचे. सांगता सांगता तिच्यात भर घालायचो. बाई समोर असायची आणि तीही हसायची. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी दवाखान्यात गेलो होतो तो सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. खोलीत नातेवाईक होते. तिला बरं वाटावं म्हणून कोणीतरी म्हणालं, मामा, तो सिनेमा सांगा ना. आणि मी सांगितला. स्पिरिटचा वास नाकात असताना मी तिच्या उशाशी बसून तो पांढरा पडदा हातवारे करून सांगितला, आणि ती हसली, खोकली, पुन्हा हसली. चार दिवसांनी ती गेली. त्याला आता एकवीस वर्षं झाली.

इथवर लिहून झालं आणि काल मी रिक्षा करून वाडीला गेलो. सुमन झाडांत होती. गळालेली पानं गोळा करून आळ्यात टाकत होती. फूल खरंच तुरळक होतं. वास होता, पण डिझेलच्या खाली दबलेला. ती खुर्ची आणायला निघाली, मी नको म्हटलं. बसलो असतो तर सांगणं झालं नसतं. उभ्यानेच सांगितलं, भिंतीला हात टेकून. पाकळ्या, स्पिरिट, सोडा. हेवाही सांगितला. मग ती फीत सांगितली, हिरव्या रेघेपासून निळ्या चित्रापर्यंत, जितकी आठवते तितकी. मध्ये तिने हातातली पानं खाली टाकली. मी संपवल्यावर तिने हात पुसले. मग म्हणाली, "तिले सांगाचं होतं, मामा."

 ती एका झाडाजवळ गेली, त्याची फांदी हातात धरून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.

"तुम्हाले माहीत नसन," ती म्हणाली. "त्या वर्षापासून आईनं झाडाचा ताण पाहिलाच नाही. बाबा बलवे, तर म्हणे, तुम्हीच पाहा, माहा डोळा चुकते. लोकं न्यायले येत, त्याहिलेही नाही म्हणे. मले बी शिकवलं नाही. मी म्हणलं शिकव वं, तर म्हणे, माह्याजवळून शिकशीन त झाडं मारशीन."

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी समजत होतो की मी एक फीत धुतली.

सुमनने एक पान तोडलं. मुठीत दाबलं, आणि कानाशी नेलं. तिची आई न्यायची तसंच. तिने कधी पाहिलं असेल ते? सहा वर्षांची असताना, त्याआधी. मग तिने मूठ उघडली, पानाकडे पाहिलं.

"मंजे डोळा बराबर होता तिचा," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

भिंतीपलीकडे एक ट्रक मागे येत होता. त्या आवाजात माझं बोलणं तिला ऐकू गेलं नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुन्हा म्हटलं.